बारावं नाव

टक, टक, टक. काउंटरच्या काचेवर चावी वाजली की मी मान वर न करताच ओळखायचो, बाई आल्या. "वेळ आहे का? नसेल तर काढा," हे पुढचं वाक्य ठरलेलं. जेसल पार्कात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि वर तिसऱ्या मजल्यावर बाई राहायच्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण तास संपल्याची घंटा काही त्यांना ऐकू आली नव्हती.

लोक निवृत्त झाल्यावर तीर्थयात्रेला जातात. बाई बेचाळीसच्या भूमिगतांना शोधत फिरायच्या. अशी झपाटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. लांबून गंमत वाटते. शेजारी असली की आपली स्कूटर कामाला लागते. माझी लागली. मागे बसून बाई पाठीत बोट खुपसायच्या, "जरा पळवा हो! आजोबा शहाण्णव वर्षांचे आहेत."

हे आजोबा खाडीकाठच्या मुर्धा गावचे. युद्धाच्या काळात, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, ते होडीतून भूमिगतांची पत्रकं पोचवायचे. मिठागरातल्या काही माणसांनी त्या भूमिगतांना आपल्या घरांत लपवलं होतं. खाडी, भरती, पोलिसांची शिट्टी, सगळं आजोबा रंगवून सांगायचे. लपवणाऱ्यांची नावं विचारली की तोंड मिटायचे.

"शपथ हाय. ज्यानं घातली त्यानं सुटली म्हनायचं, मंग सांगन."

शपथ घालणारा पुढारी कधीच वारला होता. इंग्रज जाऊन पाऊणशेवर वर्षं लोटली होती. पण 'सुटली' म्हणायचं राहून गेलं आणि आजोबा अजून गप्प होते. मला हसू आलं.

"बाई, सांगून टाका ना, परवानगी मिळाली म्हणून."

"त्यांनी ऐंशी वर्षं पाळलं, आणि मी दोन मिनिटांत फसवू?" बाई उखडल्या. आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मग त्या पुढाऱ्याच्या नातेवाइकांच्या मागे लागल्या. फोन, पत्रं, पुन्हा फोन. जेवणावर लक्ष नाही, दुपारी पाठ टेकणं नाही. शेवटी पुढाऱ्याची मुलगी सापडली ती हाटकेशला, रिक्षाने वीस मिनिटांवर! तीही ऐंशीची, गुडघे गेलेले. बाई तिला धरून मुर्ध्याला घेऊन आल्या.

आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "नाक बापाचंच हाय," म्हणाले.

"बाबांच्या वतीनं सांगतेय, काका. सुटली."

आजोबांनी डोळे मिटून नावं सांगायला सुरुवात केली. बाई एकेक नाव वहीत उतरवत होत्या. अकरा नावं झाली आणि आजोबा थांबले.

"बारा जनं व्हती. येक बाई व्हती. तिनं मला भाकर दिली, पोलिस आलं तवा रांजणामागं लपवलं. तोंड दिसतंय बघ... नाव न्हाय येत." ते लहान मुलासारखे रडायला लागले. "कवा बोल्लोच न्हाय ना. म्हनून गेलं."

दोन महिन्यांनी आजोबाही गेले.

त्यानंतर बाईंच्या पायाला भिंगरीच लागली. मुर्ध्यात घरोघर जायच्या, मिठागरं बुजवून उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींचे जिने चढायच्या, दम लागला की कठड्याला टेकून उभ्या राहायच्या. एकदा मी वैतागून म्हणालो, "बाई, अकरा मिळाली की. बास झालं आता."

"हजेरीत एक मूल गैरहजर असेल ना, तर ते कुठंय हे विचारल्याशिवाय मी फळ्याकडे वळले नाही कधी."

ते 'बास झालं' मी बोलायला नको होतं. आजही जिवाला लागतं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. भाच्याने त्यांची वही माझ्याकडे आणून दिली. वळणदार अक्षरात अकरा नावं, आणि खाली बारा आकडा घालून ठेवलेली मोकळी ओळ. त्या पानाची झेरॉक्स मी काउंटरच्या काचेखाली लावली आहे.

मुर्ध्याचं कोणी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलं की मी कागद हातात घेतो आणि दुसऱ्या हाताने काचेवर चावी वाजवतो.

"वेळ आहे का? तुमच्या घरात कोणाची आजी, पणजी मिठागरात होती का हो?"