पिवळी मावशी

आमच्या घरी नवरात्रात दोन गोष्टी हमखास व्हायच्या. घट बसायचा आणि माझे डोळे पिवळे व्हायचे. उपास धरला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माय माझी पापणी ओढून ओरडायची, "कावीळ झाली वो पोट्टीले!" मग शेजारच्या गावातून माळवाली बाई यायची. कसल्याशा काड्यांची इवलीशी माळ ती माझ्या डोक्यावर ठेवायची. काड्या सुकल्या, गाठी सैल झाल्या की माळ वाढत वाढत गळ्यात उतरायची, आणि माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. तोवर हळद बंद, तेल बंद. दसऱ्याला सगळं घर वड्यांवर ताव मारायचं आणि मी मात्र पांढरं वरण भुरकत सगळ्यांच्या ताटांकडे बघत बसायचे. माझी ती चिडचिड आजही गेलेली नाही.

शेवटी वैतागून चंद्रपूरला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं आणि हसले. म्हणाले, लिव्हर ठणठणीत आहे. रक्तातल्या जुन्या पेशी मोडल्या की एक पिवळा रंग उरतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीराबाहेर पडत नाही. मग लिव्हर साखरेपासून एक ॲसिड बनवतं, ग्लुकुरॉनिक ॲसिड त्याचं नाव, आणि ते त्या रंगाला जोडतं. जोडलं की रंग विरघळतो आणि पित्तातून निघून जातो. माझ्यात हे जोडकाम जन्मापासूनच मंद, आणि उपाशी राहिलं की आणखी मंद. त्रास काही नाही, औषधही नाही. मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे मला लगेच समजलं. कापड आहे, बटणं आहेत, काजबटण करणारा झोपा काढतोय.

डॉक्टर रंगात आले होते. शरीर कित्येक औषधंही याच ॲसिडला जोडून बाहेर काढतं म्हणाले, आणि मांजराच्या कुळाला ते नीट जमत नाही. आपली तापाची साधी गोळी मांजराच्या जिवावर उठते. मांजराच्या कुळात कोण कोण येतं हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पुढे ते नवजात बाळांचंही सांगत होते. बाळाचं लिव्हर या कामाला नवं असतं, पिवळेपणा पायापर्यंत उतरला तर दवाखाना गाठायला थांबायचं नाही, वगैरे. मी अर्धं ऐकलं, कारण माझा जीव वाघात अडकला होता. घरी येऊन मी जाहीर केलं की मी वाघाच्या नात्यातली आहे, यापुढे माझ्या वाटेला कुणी जायचं नाही.

मायच्या कानात फक्त 'साखर' आणि 'ॲसिड' एवढंच शिरलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मला शुगर आहे आणि पोटात संडास धुवायचं ॲसिड निघालंय. शेजारणीनं बिनसाखरेचा चहा पुढे केला. "घे बाई, तुले शुगर हाय म्हणते ना." मग मी महिनाभर, ब्लाऊजचं माप घेता घेता, येईल त्या बाईला सुनावलं. पिवळं दिसलं म्हणजे कावीळ नसते! शेवटी मायनंही मानलं. माळ बंद झाली आणि त्या दसऱ्याला मी मोजदाद न ठेवता वडे खाल्ले.

मग धाकटी बहीण बाळंतपणाला घरी आली. मुलगी झाली. दवाखान्यातून सोडलं तेव्हा बाळ जरा पिवळसर होतं. मायनं तिला खिडकीशी धरलं आणि कौतुकानं म्हणाली, "पाहा, मावशीवर गेली!" बाया हसल्या. मीसुद्धा हसले, फुशारलेच म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे तळवे पिवळे दिसले. ते नुसतं झोपून होतं. पायाला टिचकी मारली तरी दूध ओढेना. डॉक्टरांचं ते अर्धवट ऐकलेलं बोलणं आठवलं. मी म्हणाले, "गडचिरोलीला न्यायचं. आत्ताच."

माय पाचवीच्या पूजेचं सामान मांडत होती. "काऊन? पाचवी झाल्याबिगर लेकरू बाहेर नाई काढत. अन तूच त म्हणली होती, पिवळं दिसलं म्हणजे कावीळ नसते."

"माय, बाळाचं वेगळं असते."

"लिव्हर ठणठणीत असते. औषध लागत नाई. हात धुवून मागं लागू नको." माझंच भाषण, माझ्याच ठसक्यात. बहीण रडायला लागली. तिला कुणावर विश्वास ठेवावा कळेना.

मग मी खोटं बोलले. खाली बसले, मान खाली घातली आणि म्हणाले, "माय, मी हारली. मले कावीळच होती. तुह्या माळेनंच बरी झाली दरवेळी. डॉक्टरचं मी रचून सांगितलं. हिलेही कावीळच हाय."

मायच्या हातातली सुपारी खाली पडली. "मंग माळवालीले बोलावतो!"

"एवढ्याशा डोक्यावर माळ बसते काय? चाल, गाडी सांगितली मी."

गडचिरोलीत बाळाला तपासल्याबरोबर निळ्या उजेडाखाली ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पिवळा रंग फार वाढला होता, आणखी वाढता तर मेंदूत शिरला असता. या उजेडानं रंगाचं रूपच बदलतं, मग त्या ॲसिडशिवायही तो बाहेर पडतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते चिमुकलं बाळ दोन दिवसांनी भुकेनं असं किंचाळलं, की बहिणीला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

मी मायजवळ बाकावर बसले. आता खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "राहू दे. तू खोटं बोलून राह्यली, हे मले तवाच समजलं होतं."

"मग निघाली काऊन?"

"जलमापासून तू माह्यापुढं एकदा बी हारली नाई," माय म्हणाली. "त्या दिवशी हारली म्हणली, तवा मले लई भेव वाटलं."