कूल म्हणणारा मुलगा

कोल्हापूरहून निघालेली एसटी आंबा घाट उतरू लागली. रत्नागिरीला मी नुसती हिंडायला निघाले नव्हते. माझ्या लेकीनं, केतकीनं, तिथला ओंकार नावाचा मुलगा पसंत केला होता. लग्नानंतर तिची कोल्हापूरच्या शाळेतली नोकरी राहणार का, एवढं मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. साखरप्याला चहा घेतला, पुढे बाहेर जांभ्या दगडाचे गडगे (बांध) दिसू लागले.

ओंकार स्टँडवर आला होता. प्रवासानं अंग आंबलं म्हटलं, तर म्हणाला, "कूल." सड्यावर (कातळाच्या माळावर) स्कूटर पंक्चर झाली, तरी कूल. घरी त्याच्या वडिलांनी, भाऊंनी, गरम भात आणि पिठी (कुळथाच्या पिठाचं कालवण) वाढली. मी तर ओरपलीच. त्यांनी ओंकारला आणखी भात वाढू का विचारलं. "कूल." भाऊंनी वाढला नाही, म्हणजे नको असावा.

हात धुतल्यावर मी विचारलंच, "केतकीच्या नोकरीचं काय रे?"

त्यानं वडिलांकडं पाहिलं. "कूल, काकू."

माझं डोकं फिरलं. पंक्चरही कूल आणि माझ्या पोरीचा संसारही कूल. वर भाऊ म्हणाले, "सून इथंच बरी हो ताई. आंब्याच्या बागेत घरचं माणूस हवं."

सकाळी ग्रामदेवतेला नारळ ठेवायला गेलो. गुरवानं गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं) घातलं. प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी म्हणत, "होय महाराजा." इकडं देवासमोर होय म्हटलं की शब्द फिरवत नाहीत. गुरव थांबला तोच ओंकार पुढं झाला.

"काका, आणखी एक घाला. केतकीची नोकरी कोल्हापुरातच राहू दे, मी तिकडे काम बघतो, आंब्याच्या हंगामात दोघं बागेत येऊ, आणि याचा घरात कुणाला राग नसू दे."

गुरवानं ते जसंच्या तसं देवापुढं मांडलं.

"होय महाराजा," मंडळी म्हणाली. सगळे भाऊंकडं बघत थांबले.

शेवटी भाऊंनी हात जोडले. "होय महाराजा." हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं. डोळे पुसले मी, लपवलं नाही.

निघताना भाऊंनी आंबापोळी दिली आणि पहिल्यांदा मला विहीणबाई म्हणाले. घाट चढताना केतकीचा फोन आला. "आई, कसा वाटला गं? जास्त बोलत नाही ना?"

"बोलतो की," मी म्हटलं, "फक्त समोर देव लागतो."