कंस कुठे लिहायचा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ठाण्यात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, आमचं छोटं ऑफिस होतं. चार प्रोग्रामर, तीन कॉम्प्युटर. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही रिपोर्ट छापायचा प्रोग्राम लिहीत होतो. प्रत्येकाने एकेक भाग वाटून घेतलेला आणि प्रत्येकाची लिहायची तऱ्हा निराळी. एक मित्र सगळं कॅपिटलमध्ये लिहायचा. दुसऱ्याच्या ओळी स्क्रीनच्या उजव्या कडेबाहेर निघून जायच्या. मी प्रोग्राममधल्या प्रत्येक आकड्याला ए, बी, टी-वन, टी-टू अशी नावं द्यायचो. त्यात मला हुशारी वाटायची.

चौथ्या ताई. आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. राहायला कोपरला. वडिलांचा जन्म मिठागरात गेलेला, आणि घरात पदवी घेणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांचा प्रोग्राम छापील पुस्तकासारखा स्वच्छ असायचा.

काम अर्ध्यावर असताना मला कावीळ झाली. तीन आठवडे डोंबिवलीला घरी पडून होतो. नेमका तेव्हाच लॅबने बदल सांगितला: लहान मुलांची हिमोग्लोबिनची मर्यादा वेगळी छापायची. तो भाग माझा. दोघा मित्रांनी दोन दिवस डोकेफोड केली, पण काही उलगडेना.

रविवारी ताई घरी आल्या. एका हातात उसाचे करवे, दुसऱ्या हातात माझ्या प्रोग्रामची घडी घातलेली लांबलचक प्रिंट. माझी चौकशी झाली, आईशी दोन शब्द झाले, मग त्यांनी कागद उलगडला.

"हा टी-टू म्हणजे काय रे?"

मी कागद जवळ ओढून वरच्या-खालच्या ओळी चाळल्या. मला आठवेना. शेवटी तसं कबूल केलं.

"तुलाच वाचता येत नाही, तर आम्ही काय वाचणार?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग दोन तास बसून त्यांनी एकेका नावाचा अर्थ माझ्याकडून काढून घेतला आणि पेन्सिलने समासात लिहिला.

मी कामावर परतल्यावर एका शनिवारी त्यांनी सगळ्यांना बसवलं. प्रत्येकाने दुसऱ्याचा प्रोग्राम वाचून समजावून सांगायचा. अर्ध्या तासात चौघांनाही कळलं की कोणालाच दुसऱ्याचं नीट वाचता येत नाही. नावं अर्थ कळेल अशी द्यायची, हे लगेच ठरलं. वाद पेटला तो कंसावरून. प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा कंसात घालावा लागायचा; तो उघडणारा कंस आधीच्या ओळीच्या शेवटी लिहायचा की खालच्या ओळीवर एकटा? ताई खालच्या ओळीवर लिहायच्या. कॅपिटलवाल्या मित्राचं म्हणणं, त्यात ओळी वाया जातात, स्क्रीनवर मावतात जेमतेम पंचवीस. कोणी हटेना. एक जण तर उठून चहाला गेला.

तो परत आल्यावर ताई म्हणाल्या, "ओळीच्या शेवटीच लिहू या. मला दोन्ही वाचता येतं. पण मग चौघांनीही तसंच लिहायचं."

त्यांचीच पद्धत सगळ्यांत देखणी होती, हे आम्हाला माहीत होतं. सोमवारी आलो तर त्या स्वतःच्या जुन्या फाइली उघडून एकेक कंस वर नेत बसलेल्या. कित्येक महिन्यांत लिहिलेलं काम होतं ते. चार दिवस त्या तेच करत होत्या, चेहऱ्यावर जराही कुरकूर नाही. तिसऱ्या दिवशी मित्राने कोणी न सांगता कॅपिटल सोडलं. मीही माझे टी-वन, टी-टू शोधून त्यांना धड नावं दिली. ठरलेले नियम एका पानात मावले. ते पान आम्ही भिंतीवर चिकटवलं.

पुढच्या वर्षी लॅबमधून तक्रार आली की दोन रिपोर्टांच्या मध्ये एक कोरा कागद निघतो. चौघं एका स्क्रीनभोवती जमलो. वाचत गेलो, आणि हा भाग नक्की कोणी लिहिलाय तेच ओळखू येईना.

"माझा आहे का हा?" कॅपिटलवाल्या मित्राने विचारलं.

"असेल. नाहीतर माझा," ताई म्हणाल्या आणि पुढची ओळ वाचू लागल्या.

पंधरा मिनिटांत चूक सापडली. ती कोणाची होती, हे कोणी विचारलं नाही. नंतर मोठ्या ऑफिसांत नियमांची जाडजूड बाडं मी पुष्कळ पाहिली. पण स्वतःची चांगली पद्धत इतक्या सहज सोडून देणारं माणूस मला पुन्हा क्वचितच भेटलं.