लखनचं गिटार आणि धुळाजीची हाळी

चकलांब्याच्या धुळाजीकडं मेंढरं होती आणि त्याच्या पोराकडं, लखनकडं, इलेक्ट्रिक गिटार. कॉलेजात लखननं चौघांचा रॉक बँड काढला. शहरात केस झटकत वाजवलं, टाळ्याही मिळाल्या. मग हौसेनं गावच्या गणपतीत कार्यक्रम ठेवला. त्यानं पहिलीच तार छेडली, तसे मंडपवाले आप्पा पळत आले आणि त्यांनी वायरच उपटली.

"मशीन फाटलं बे! आवाज बघ कसा खरखरायलाय!"

"आप्पा, ह्याचा आवाज असाच असतो."

"असाच असतो तर वाजवतू कावून?"

वर्षभरात बँड मोडला. ड्रमवाला बँकेत लागला, गाणारा सासऱ्याच्या पेट्रोलपंपावर बसला. लखननं तेलगावात एक खोली घेऊन रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटला. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना घरची घोंगडी टांगली. गायक आत आले की आधी शिंकायचे. तरी वाढदिवसाची, प्रचाराची गाणी येत राहिली. दुसऱ्यांच्या चाली लखन इमानानं सजवून द्यायचा. स्वतःची चाल मात्र सुचेना.

एकदा धुळाजी जेवणाचा डबा घेऊन आला. माईककडं बघून म्हणाला, "ह्याच्यात काय बोलायचं असतं?"

"काहीबी बोला, आबा."

धुळाजीनं माईक खालूनवरून न्याहाळला. शेवटी त्यानं मेंढरांना मारतात तशी हाळी मारली, "हुर्र्र... याऽऽ याऽऽ!"

लखननं ती रेकॉर्ड करून घेतली. डबा तसाच ठेवून त्यानं हाळीखाली ढोल घातला, वर आपलं खरखरतं गिटार चढवलं. आयुष्यातली पहिली चाल झाली.

लग्नसराईत गाणं गावोगाव गेलं. गावातल्या बद्रीनाथच्या पोरीच्या लग्नात वरातीपुढं डीजेनं तेच लावलं. शिवारातल्या धुळाजीच्या मेंढरांनी माना वर केल्या आणि सगळा कळप थेट वरातीत घुसला. घोडी उधळली. नवरदेव पडला तो मेंढरांवर, म्हणून लागलं नाही. मागून धापा टाकत धुळाजी आला.

बद्रीनाथ ओरडला, "आवर बे तुझी जनावरं!"

"आधी गाणं बंद कर! तिथून मीच बोलवायलोय त्यान्ला!"

त्या वरातीचा व्हिडिओ इतका फिरला, की पुण्या-मुंबईचे लोक लखनकडं चाली मागू लागले. आता तो फोनवर 'संगीतकार लखन बोलतोय' म्हणतो.

परवा त्यानं आईला, कडूबाईला, माईकपुढं बसवलं. पदर सावरून ती म्हणाली, "गाते की. पर आधी दार लाव. माझ्या आवाजानं कोण पळत येईल, सांगता येत न्हाई."