स्लॅगच्या डोंगरावरचा एक फोटो

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीच आमच्या घरात चालत नव्हतं. लिंबू आणि मिरची आमच्याकडे फक्त वरणात. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये फिटर, मूळचे भंडाऱ्याकडचे, पक्के आंबेडकरवादी. देवळापुढून जाताना सायकलचा वेगसुद्धा कमी करायचे नाहीत. मी फिजिक्स शिकले आणि पुढे आयुष्यभर शाळेत पोरांना प्रकाशाचे नियम शिकवले. त्यामुळे या ग्रुपवरच्या चकव्याच्या आणि हडळीच्या गोष्टी मी चहासोबत मजेत वाचते आणि कप विसळता विसळता विसरून जाते. पण एक फोटो माझ्या कपाटात आहे, त्याचं काय करावं ते कळत नाही. घाबरू नका, गोष्ट घाबरवणारी नाहीये.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आमचं क्वार्टर मरोद्याला. हथखोजकडे एका बंद पडलेल्या कारखान्यामागे स्लॅगचा ढीग होता — भट्टीतला वितळलेला मळ पाण्यात विझवला की त्याची पांढुरकी वाळू होते, तिचा. चांगला तीन मजली उंच. हिवाळ्यातल्या उन्हात तो इतका पांढरा दिसायचा की बाबांचे दोस्त त्याला 'अपना काश्मीर' म्हणायचे. काश्मीर अर्थात कोणीच पाहिलं नव्हतं!

या काश्मिरात दर हिवाळ्यात एका रविवारी रेस व्हायची. रशियाहून मशीन ज्या खोक्यांत यायच्या त्यांच्या फळ्या, तळाला पत्रा ठोकलेला, पत्र्याला ग्रीस चोपडलेलं, पुढे धरायला दोरी. त्यावर उभं राहून वरून खाली घसरायचं. वयं पाहाल तर पन्नासच्या पुढची आणि उत्साह पाहाल तर चौथीतल्या पोरांचा. पद्धत अशी होती, की जो त्या वर्षी रिटायर होणार तो सगळ्यांत शेवटी, एकटा उतरणार. घरी इस्त्री केलेला ड्युटीचा ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, पायात पॉलिश केलेले बूट. बाकी सगळ्यांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

त्या वर्षी पाळी बाबांची होती.

आता बाबांचा रेकॉर्ड सांगते. इतक्या वर्षांत ते एकदाही उभ्याने खाली पोचले नव्हते. उताराच्या मध्ये एक उंचवटा होता, तिथे फळी हवेत उडायची आणि बाबा दुसरीकडेच. गावाकडे त्यांच्या भावांना या रेसबद्दल, हवेत उडण्याबद्दल सांगितलं की ते हसायचे, म्हणायचे हा फेकतो. मंगळवारी सामानाचा ट्रक येणार होता. क्वार्टर सोडून आम्ही कायमचे गावी जाणार होतो. म्हणजे हीच शेवटची संधी.

"सुजा, फोटो पायजे मले," बाबा आदल्या दिवसापासून मागे लागले होते. "हवेतला. जमिनीवरचा तं कोणीबी काढते."

"आणि पडलात तर?"

"पडलो तं पडलेला काढजो. पण काढजो!"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हाड मोडलं तं त्याचाबी काढजो. जाता जाता दवाखाना पाहून घेऊ."

माझ्याकडे जुना रशियन कॅमेरा होता, गावी परतणाऱ्या एका रशियन बाईकडून घेतलेला. त्याचं एकच पथ्य. रीळ घातल्यावर, पुढे सरकवताना, डावीकडचा नॉब फिरतो का ते पाहायचं. फिरला तर रीळ सरकतेय. नाही फिरला तर तुम्ही नुसतं टकटक करताय. हे मी मैत्रिणींना रुबाबात शिकवायची. त्या सकाळी मात्र बाबांच्या बुटांचं पॉलिश सापडेना, आई ओरडत होती, आणि मी नवं पाकीट फोडून रीळ कशीबशी घातली न् पळाले. नॉब पाहिलाच नाही.

ढिगापाशी मी पायथ्याला, डाव्या अंगाला गुडघ्यांवर बसले. बाबांचे जिगरी दोस्त साहूजी माझ्या बाजूला उभे. एकेक जोडी धुरळा उडवत उतरत होती, पडत होती, शिव्या घालत हसत उठत होती. मी फोटो काढत सुटले. शेवटी वर एकटे बाबा राहिले. एवढेसे दिसत होते.

"आ जा, मेश्राम! डर मत!" साहूजी ओरडले.

बाबा सुटले. काय सांगू... उंचवट्यावर फळी उडाली, बाबा उडाले, दोरी त्यांच्या हातात आणि ते मोठ्ठ्याने हसत होते. मी बटण दाबत राहिले. धप्पकन फळी टेकली, करकरली... आणि बाबा उभेच! तसेच उभ्याने खाली आले, चार पावलं धावले आणि साहूजींच्या अंगावर कोसळले. फळीचे मागे दोन तुकडे. पन्नाशी-साठीतली माणसं लहान पोरांसारखी नाचायला लागली. साहूजी तर चक्क रडत होते.

मीही नाचत होते. मग सहज कॅमेऱ्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. छत्तीसची रीळ, आणि आकडा छत्तीसच्या पुढे गेलेला. नॉबला बोट लावून एकदा सरकवून पाहिलं. नॉब ढिम्म. म्हणजे रीळ पहिल्यापासून जागची हललीच नव्हती.

बाबा लांबूनच ओरडले, "आला न फोटो?"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? फळी मोडली होती, बाबांचा गुडघा सुजत होता. घरी येईपर्यंत त्यांनी वाटेत भेटेल त्याला फोटोबद्दल सांगितलं होतं.

संध्याकाळी मार्केटमधल्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्या भाईसाबांनी डार्करूममध्ये कॅमेरा उघडून पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, रील तो चली ही नहीं. पूरी कोरी है. धोऊं क्या?"

मी म्हटलं, धुवा. मन मानत नव्हतं, दुसरं कारण नाही.

सोमवारी दुपारी गेले तर ते पट्टी उजेडाकडे धरून उभे. पूर्ण पट्टी काचेसारखी कोरी. अन् मध्ये, सतरा नंबरवर, एक फोटो. फक्त एक.

बाबा हवेत. हेल्मेट तिरकं, दोरी ताणलेली, तोंडभर हसू. आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, पायथ्याशी, गुडघ्यांवर बसलेली मी. डोळ्याला कॅमेरा लावलेला.

हा फोटो उताराच्या मधून, वरच्या बाजूने घेतलेला आहे. तिथे पाय ठेवला की वाळू घसरायची, उभं राहणं शक्यच नव्हतं. मी भिंग लावून फोटोतली माणसं मोजली. जे जे आले होते ते सगळे खाली दिसतात, साहूजींसकट. कॅमेरा एकच होता, आणि तो माझ्या गळ्यात होता. रीळ नवी, पाकीट मीच फोडलेलं. सरकली नाही तर सतरा नंबरपर्यंत पोचली कशी? आणि मी माझ्याच फोटोत कशी? भाईसाबांनी कानाला हात लावले. त्यांनी फोटोचे पैसेही घेतले नाहीत, वर चहा पाजला. नंतर शिकवताना मी कितीदा फळ्यावर किरणांच्या रेघा मारून हे सोडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

त्याच रात्री बाबांना सगळं खरं सांगितलं. ते फोटोकडेच बघत होते. "आला न? मंग कावून रडून राहिली?" एवढंच म्हणाले.

गावी पोचल्यावर ओसरीत भाऊ जमले, फोटो हातोहात फिरला. कोणी हसलं नाही. मोठ्या काकांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे खाली कोण बसून हाये?"

"माही सुजा. फोटो काढून राहिली," बाबा म्हणाले.

"मंग हा फोटो कोनं काढला?"

बाबांनी क्षणाचाही विचार केला नाही. "तिनंच. पाह्य न, मी कोनाकडं पाहून हासून राहिलो."

काकांनी पुन्हा फोटो पाहिला. मीही पाहिला. खरंच, बाबांची नजर फोटो काढणाऱ्याकडे नाहीच. ती सरळ खाली, माझ्याकडे आहे. काकांनी वर बघून विचारलं, "खरं काय बाई?" आणि मी हो म्हटलं. का म्हटलं, ते मला अजूनही सांगता येत नाही.