लई उपकार झाले

काष्टीहून नगरला आलेल्या छबूबाईंकडे कॉन्व्हेंटच्या हॉलची झाडलोट होती, आणि किल्लीही. बहात्तर सालच्या जानेवारीत तिथे शाळेच्या मुलींच्या इंग्रजी नाटकाच्या तालमी चालत. वेळ चारची, तालीम घेणाऱ्या सिस्टर यायच्या पावणेपाचला. छबूबाई दारातच हात जोडून म्हणायच्या, "या सिस्टर. लई उपकार झाले."

मंगळुराहून नव्याने आलेल्या सिस्टर पुस्तकातून मराठी शिकल्या होत्या. "त्यात काय, छबूबाई," असं त्या हसून म्हणत आणि अशी नम्र बाई आपल्याला लाभल्याचं चारचौघांत सांगत. छबूबाई ते खाली मान घालून ऐकून घेत.

नाटक विनोदी होतं. एक तोरा मिरवणारी बाई आणि तिच्याकडे न बोलावता टपकणारा पाहुणा. बाईचं काम सुरय्याकडे होतं. तिच्या वडिलांनी, बाबाजान टेलरनी, जुन्या पडद्यांचा झालरीचा गाऊनसुद्धा शिवून ठेवला होता. पण पाहुणा आला की "हाऊ व्हेरी काइंड ऑफ यू टु कम" हे वाक्य सुरय्या इतक्या मायेने म्हणे, की आता ही त्याला ताट वाढणार असं वाटावं. सिस्टरांनी समजावलं, शब्द स्तुतीचे, अर्थ उलटा. सुरय्याने शब्दच उलटसुलट केले. शेवटी मंगळवारी सिस्टरांनी सांगून टाकलं, उद्या जमलं नाही तर गाऊन दुसरीला.

बुधवारी तालमीआधी सुरय्या विंगेत रडत बसली. छबूबाईंनी झाडू भिंतीला टेकवून त्या इंग्रजीचा अर्थ विचारला. तुम्ही आलात, फार उपकार केलेत, असं सुरय्याने सांगितलं.

"आन् बाईला त्यो आलेला नको हाय?"

"नकोच आहे."

"मंग रडती कशाला? मी रोज सिस्टरला म्हनते, तसं म्हन की."

सुरय्याचं रडू एकदम थांबलं. दारात सिस्टर उभ्या होत्या. नेमक्या त्या दिवशी वेळेवर आल्या होत्या.

तालीम सुरू झाली. पाहुणा आला. सुरय्याने हात जोडले, मान किंचित कलती केली आणि वाक्य म्हटलं. शब्द इंग्रजी, सूर काष्टीचा. मुली हसून लोळल्या. सिस्टरही हसल्या, मग काहीतरी आठवून अर्ध्यावरच थांबल्या.

"गाऊन सुरय्याचाच," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी छबूबाईंचा पाय काही उचलेना. किल्ली घेऊन पोचल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. पायरीवर सिस्टर हात जोडून उभ्या.

"या छबूबाई. लई उपकार झाले."

उच्चार मंगळुरी होता, पण सूर चोख. छबूबाईंनी सावकाश कुलूप काढलं.

"त्यात काय, सिस्टर."