पौर्णिमेची भरती

‘पाहण्यासारखी ठिकाणे’ हे शब्द कुठे छापलेले दिसले की आजही माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, तसा एक कागद मीच टाइप केला होता.

बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाची दरवर्षी एक सहल निघायची. त्या वर्षी कोकण किनारा ठरला. मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांना लहानथोर सगळेच अण्णा म्हणायचे, जे. पी. नगरला राहायचे आणि बसमध्ये कोण कुठे बसणार इथपासून उपम्यात मिरची किती पडणार इथपर्यंत सगळं स्वतःच ठरवायचे. मंडळात चार पिढ्या इथेच काढलेली दुकानदार घरं. आमचंही त्यातलंच, बाबांचं कापडाचं दुकान होतं. समुद्र म्हटला की आम्हा सगळ्यांना ठाऊक काय, तर भिंतीवरच्या कॅलेंडरातलं चित्र. किनाऱ्यावर जन्मलेलं माणूस अख्ख्या मंडळात एकच, माझी आई. म्हणून अण्णांनी मला सांगितलं, आईला विचार, कागद तयार कर, आणि बसमध्ये माइकवर माहितीही तूच सांग.

मी विचारलं आणि आई बोलत सुटली. लग्न होऊन आल्यापासून ती तिकडे गेली नव्हती. माहेरचं घर विकून भाऊ दुसरीकडे गेले होते, आणि तिकडे आता कोण आहे, या एका वाक्यावर बाबांनी तिला तेवीस वर्षं बसवून ठेवलं होतं. कणीक मळता मळता तिने मला खाडीच्या तोंडावरचा पडका किल्ला सांगितला, त्याच्या बुरुजातली गोड्या पाण्याची विहीर सांगितली, दीपगृह, सुरूचं बन सांगितलं. आणि सगळ्यात शेवटी खडकावरची देवी. किनाऱ्यापासून आत, समुद्रातल्या खडकावर एवढंसं देऊळ. ओहोटीला पाणी हटलं की खडकांतून वाट उघडते आणि चालत जाता येतं. भरतीला लाटा अशा आपटतात की होडीही लागत नाही.

त्या देवीला आईचा नवस होता. मी सहा वर्षांची असताना मला टायफॉइड झाला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने इथे बंगळुरात बसून त्या देवीला सांगितलं होतं, पोरगी वाचली तर येऊन तुझी ओटी भरीन. पोरगी वाचली, वाढली, टायपिंग शिकली. ओटी राहिलीच होती.

आईची एक खोड होती. बनशंकरीच्या आमच्या स्वयंपाकघरात, समुद्रापासून इतक्या लांब, ती कॅलेंडरवरची तिथी बघायची आणि म्हणायची, आता आमच्याकडे पाणी चढत असेल. हिशोब सोपा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. बाबा हसायचे, समुद्र कुठे नि बनशंकरी कुठे. मीही हसायचे. हे मुद्दाम सांगते आहे.

कागदात आईने एक ओळ आवर्जून घालायला लावली: देवीच्या देवळात ओहोटीलाच जाता येते, तिथी पाहून वेळ ठरवावी. अण्णांनी कच्चा कागद वाचला आणि त्या ओळीवर काट मारली. आजकाल तिथीबिथी कोण बघतं, म्हणाले. वर स्वतःच्या हाताने वेळ लिहिली: किल्ला व देवीदर्शन, अकरा ते एक. आणि सहल ठरवली होती पौर्णिमेची. का, तर त्या रात्री पुढच्या मोठ्या किनाऱ्यावर चांदण्यात जेवण. मी निमूटपणे स्टेन्सिल टाइप केली. एक ओळ कमी झाल्यामुळे सगळं एका पानात बसलं, म्हणून मी खूशच होते.

छापलेला कागद हातात पडल्यावर आईने तो वाचला, कॅलेंडरकडे पाहिलं, आणि बाबांना सांगितलं की अकराला तिथे भर भरती असणार, वेळ बदलायला सांगा. बाबा म्हणाले, बघू. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, फक्त बायकोशी भांडायचा त्रास वाचवलेलं. तरी आईने खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी असं सगळं एका पिशवीत बांधलं. तिची सगळी भिस्त आमच्या मंडळाच्या वेंधळेपणावर होती. आमची सहल कधीच तीन तासांपेक्षा कमी उशिराने पोचली नव्हती. ही माणसं चार वाजवणारच, असं ती मला म्हणालीसुद्धा.

मंडळाच्या इतिहासात त्या एकाच दिवशी बस वेळेवर पोचली.

अकराला पाच कमी असताना आम्ही किनाऱ्यावर उतरलो. समोर पाणीच पाणी. देऊळ मधोमध, पांढरं, हाताच्या अंतरावर वाटावं असं, आणि वाटेचा मागमूस नाही. लोकांनी किल्ला पाहिला, फोटो काढले, विहिरीत डोकावून खडे टाकले. एका काकूंनी मला विचारलं, देवीदर्शन लिहिलंय ना, मग दर्शन कुठाय? अण्णा म्हणाले, इथूनच होतंय की दर्शन, किती छान दिसतंय. आई पिशवी घेऊन वाळूत उभी होती. ती तशीच उभी राहिली, दोन तास.

एक वाजता हॉर्न वाजला तेव्हा ती चालत अण्णांकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला चारचौघांत काही मागताना पाहिलं.

“चार वाजेपर्यंत थांबा. तोवर वाट उघडेल. माझा नवस आहे.”

“स्वल्प, जरा समजून घ्या, अक्का,” अण्णा म्हणाले. “एकासाठी बेचाळीस जणांना कसं थांबवू? मग चांदणं चुकतं.”

चांदणं. पंधरा वर्षांच्या नवसापुढे या माणसाला चांदण्यातला मसालेभात दिसत होता. आणि बेचाळीस जणांतला एकही आईच्या बाजूने बोलला नाही. उलट सल्ले सुरू झाले. देव भावाचा भुकेला असतो. इथूनच हात जोडा. ओटी पाण्यात सोडा, पोचते ती. मी बाबांना म्हटलं, आम्ही दोघी थांबतो, मागून एस.टी.ने येतो. बाबा म्हणाले, दोन बायका परक्या गावात कुठे राहणार? तिच्या स्वतःच्या गावाला ते परकं गाव म्हणाले. मला तिथेच वाळूत फतकल मारून बसावंसं वाटलं. पण बसमधून कोणीतरी ओरडलं, माइक कुठाय, आणि मी चढले. आईने ओटी पाण्यात सोडली नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली.

बस धावत राहिली. जेवून सगळे पेंगले. आईच्या शेजारी बसून मी मनातल्या मनात अण्णांना, बाबांना, त्या काकूंना, ड्रायव्हरला, सगळ्यांना शिव्या घालत होते. साडेपाच वाजले. मी उठले, पुढे जाऊन माइक सुरू केला आणि काट मारलेली ओळ मोठ्याने म्हटली. देवीच्या देवळात ओहोटीलाच जाता येते, तिथी पाहून वेळ ठरवावी. आज पौर्णिमा. भरती सव्वाअकराला होती. ओहोटी आत्ता आहे. वाट उघडी आहे.

लोक दचकून जागे झाले. अण्णा मागे वळून माझ्याकडे बघत राहिले. बाबांनी मान खाली घातली. मला फार बरं वाटलं. सगळ्यांच्या थोबाडीत दिल्यासारखं वाटलं, आणि आईसाठी कोणीतरी बोललं याचा मला अभिमान वाटला.

मी जागेवर येऊन बसले. आईने पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

“हा हिशोब येतो गो तुला?” तिने हळूच विचारलं.

“लहानपणापासून ऐकतेय की तुझ्या तोंडून.”



“मग कागद टाइप करताना का नाही केलास?”